उलटी बाज

इंद्रभानचं मोताळ्यातलं कापडाचं दुकान बुडालं, बुलढाण्याच्या कोर्टानं त्याला नादार ठरवलं आणि एका सकाळी कोर्टाचा माणूस बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. माणूस बिचारा भला होता. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि निजायची बाज एवढं कायदा राहू देतो, असं त्यानं समजावून सांगितलं. बाकी सगळं गाडीत चढलं. कपाट, टेबल, बंगई, रेडिओ आणि ओसरीतल्या साऱ्या खुर्च्या.

कपाटाचं इंद्रभानला काही वाटलं नाही, आत ठेवायलाच काही उरलं नव्हतं. बंगईकडे त्यानं पाहायचं टाळलं, त्या झोपाळ्यावर बसून त्याची बायको जनकाबाई सुपारी कातरायची. पण खरा जीव तुटला तो खुर्च्यांसाठी. ती गेलेली, मूलबाळ नाही, त्याचा संसार म्हणजे संध्याकाळची ओसरी. दिवेलागणीला आळीतली माणसं जमायची, रेडिओवरच्या बातम्या ऐकायची, दिल्लीपासून सरकीच्या भावापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढायची आणि चहा पिऊन जायची.

लिलावात त्या खुर्च्या आळीतल्यांनीच घेतल्या. वस्तू गावाबाहेर जाऊ नये, हा त्यांचा चांगुलपणा. त्यानंतर मात्र ओसरीची पायरी कोणी चढलं नाही. एकदा इंद्रभान स्वतःच शेजारच्या पुंजाजीकडे गेला. पुंजाजी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गडबडून उठला, खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाला, "बस ना बे, तुहीच तर हाये." म्हटलं आणि जीभ चावली. त्या दिवसापासून इंद्रभाननंही कोणाकडे जाणं सोडलं. नादार माणसाला लोक टाळणारच, असं त्यानं धरून ठेवलं आणि दिवसचे दिवस घराबाहेर पडेनासा झाला.

मग बाजेत ढेकूण झाले. जनकाबाई बाज अंगणात आडवी करून तिच्यावर उकळतं पाणी ओतायची, एवढं त्याला आठवत होतं. जन्मभर गिऱ्हाइकापुढं लुगडी उलगडणाऱ्या माणसाला याहून जास्त काय ठाऊक असणार! त्यानं बाज अंगणात ओढली, चारही पाय वर करून टाकली आणि पाणी तापवायला आत गेला.

चारही पाय वर केलेली बाज दारात दिसली की त्या घरचा माणूस गेला, हे तिकडे लेकरालाही समजतं; ढेकणांच्या नादात इंद्रभानच्या तेवढं ध्यानात राहिलं नाही. पुंजाजीची बायको तानुबाई घागर घेऊन चालली होती. तिनं ती बाज पाहिली आणि असा हंबरडा फोडला, की सगळी आळी गोळा झाली. बाया डोळ्यांना पदर लावून आल्या, माणसं टोप्या काढून आली आणि ओसरीत खाली जमिनीवर बसली. पुंजाजी तर भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडत होता.

आवाज ऐकून इंद्रभान बाहेर आला, हातात पाण्याचं पातेलं.

"अबे, जित्ता हायेस तू!" पुंजाजी ओरडला.

"भाऊजी, बाज काऊन उलटी टाकली हो?" तानुबाई रडता रडता चिडली. "मेल्यावर टाकतेत तशी!"

"ढेकूण झाले होते," इंद्रभान म्हणाला.

मग जे हसणं उसळलं! कितीतरी दिवसांनी ओसरी माणसांनी भरली होती आणि इंद्रभानला काय करू नि काय नको असं झालं. पुंजाजीजवळ बसून त्यानं विचारलं, "इतके दिवस काऊन नाही आला रे?"

"बसाले काही नाही तुह्या घरी. म्हटलं, आपण गेलो तर तुलेच वाईट वाटीन."

"आन आज कसे बसले सारे?"

"मयतीच्या घरी कोणी खुर्ची पाह्यते का बे!" पुंजाजी म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. इंद्रभानही हसला, पण ते शब्द त्याच्या काळजात रुतले.

तो चहा टाकायला उठला, तेव्हा तानुबाईनं अडवलं. "चहा राहू द्या, भाऊजी. मयतीसाठी म्हणून घरून निघालो. आता आंघोळ केल्याबिगर तोंडात काही घेता येत नाही."

एकेक जण उठू लागला. मयतीच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. अशा कारणानं पुन्हा यायची पाळी नको, म्हणून मुकाट्यानं उठायचं आणि चालू लागायचं. मयत झालेलीच नव्हती, पण पाय त्याच कामासाठी निघालेले. उगाच विषाची परीक्षा कोण घेणार? कोणीच काही बोललं नाही.

इंद्रभान दाराशी उभा राहिला. एकानं तरी 'येतो' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. जनकाबाई गेली त्या दिवशीही तो इतका एकटा नव्हता. सर्वांत शेवटी पुंजाजी उठला. त्याचे ओठ हलले, पण त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तो मुकाट्यानं पायरी उतरला.

"उद्या या बरं!" इंद्रभाननंच मागून हाक दिली.

मयतीच्या घरून निघालेला माणूस मागं वळून पाहत नाही. पुंजाजीनंही पाहिलं नाही.