उरलेला अर्धा तुकडा

केरबांच्या जिभेवरची गाठ काढली, तेव्हा तिच्यातला हरभऱ्याएवढा तुकडा त्यांनी सही करून संशोधनाला दिला. पाटणकडचे हे निवृत्त सुभेदार. सांगलीच्या ज्या हॉस्पिटलात ही गाठ काढली, तिथेच वल्लरी ही तरुण संशोधक मायक्रो-आरएनएवर काम करत होती. पेशींच्या कामाला लगाम घालणारे हे इवलेसे रेणू कर्करोगात कसे बदलतात, ते तिला पाहायचं होतं. पण आधी ते तुकड्यातून बाहेर तर निघायला हवेत! अर्धा तुकडा खर्ची पडला आणि हाती काही म्हणता काही लागलं नाही.

त्यातच केरबा तपासणीला आले आणि थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"म्याडम, माजा तुकडा कामी आला का न्हाई?" जीभ अजून जड होती.

वल्लरीला सारवासारव करता आली असती. "अर्धा वाया गेला, काका. माझी पद्धत कमी पडली."

"मग ऱ्हायल्याला जपून वापरा. आता आनिक कापाय जीब न्हाई." आणि केरबा स्वतःच हसले. वल्लरीला मात्र हसू येईना.

उरलेल्या तुकड्याला तिने हातच लावला नाही. वाईच्या शाकाहारी घरातली ही पोरगी सरावासाठी मटणाच्या दुकानात जाऊन बोकडाची जीभ मागू लागली.

"रस्सा का सुकं?" दुकानदाराने विचारलं.

"खलात कुटायचीय," ती म्हणाली. तो बघतच राहिला.

त्या जिभेवर प्रयोग करता करता तिला उलगडा झाला. कुटलेल्या जिभेचं मिश्रण गाळताना आरएनएचे मोठे रेणू गाळणीला चिकटत. इवलेसे निसटून खाली जात आणि खालचं पाणी ती ओतून देत होती. गाळण्याआधी मिश्रणात अल्कोहोल वाढवलं, तसे तेही चिकटू लागले. पुन्हा पुन्हा जमतंय याची खात्री झाली, तेव्हाच केरबांचा तुकडा फ्रीजरमधून बाहेर आला.

या वेळी मायक्रो-आरएनए मिळाला, तोही भरपूर. तिने लगेच फोन लावला.

"मिळालं, काका! पण एकट्या तुमच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. अजून पुष्कळ लागतील."

"लागू द्यात की. फुडच्यांचं वाया जायाचं न्हाई न्हवं?"

"या कारणाने तरी नाही."

फोन तसाच कानाला ठेवून केरबा घरात ओरडले, "साळू, माज्या जिबंतलं गावलं बग!"

"काय गावलं?" आतून साळूबाईंचा आवाज आला.

"ते मला बी ठावं न्हाई. पर गावलं!"