धाकटा त्राओरे

कुरूसाच्या स्टेशनामागे बाकारी त्राओरेचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या दारात नान्तेनेन कोन्देची चवळीच्या भज्यांची कढई. त्या दोघांचं जमतं कसं, हे परक्या माणसाला कळायचं नाही. सकाळी बाकारी बाहेर यायच्या आतच नान्तेनेनचं तोंड सुटायचं. "उठलास का रे गुलामा? का मालकिणीनं येऊन तोंडावर पाणी मारायचं?" बाकारी डोळे चोळत म्हणायचा, "गुलाम तू, आणि मालकीण म्हणवतेस? चवळीखाऊ कुठली."

आमच्याकडे कोन्दे आणि त्राओरे या आडनावांचं नातंच तसं. पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं मात्र नाही. पण याच नात्यानं एकानं चारचौघांत काही मागितलं, तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. बाकारीचा बाप वारला तेव्हा नान्तेनेन दारात आडवी बसली होती. म्हणे, "म्हाताऱ्यानं माझी कुदळ नेलीय, ती दिल्याशिवाय जायचं नाही." रडणारी माणसं हसली, तिच्या हातावर मानाच्या कोलाच्या बिया ठेवल्या, तेव्हा कुठे बाई उठली. मग मागच्या अंगणात जाऊन सगळ्यांत जास्त रडली तीच.

तर त्या गॅरेजात एक चिंपांझी होता. कुणा ट्रकवाल्यानं टोपलीत घालून आणलेलं पिल्लू बाकारीनं ठेवून घेतलं होतं, ते आता चांगलं आठ वर्षांचं झालं होतं. दोन पायांवर चालायचा, पाठ ताठ, हात मागे बांधलेले, हुबेहूब बाकारी. कुणी आलं की उजवा हात पुढे करायचा आणि मग तोच हात छातीवर ठेवायचा. जेवायच्या आधी हात धुवायला पाण्याची वाट बघायचा. आमची निम्मी पोरं एवढं करत नाहीत, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा भजं खाऊन त्यानं बोटं चाटली, त्याच दिवशी नान्तेनेननं निकाल देऊन टाकला. "बघा, चवळी खातो. हा त्राओरेच. बाकारी, तुझा धाकटा भाऊ हा."

"जनावराला माझं आडनाव देतेस?"

"त्याची हरकत असली तर त्याला बोलू दे की. तू कशाला मधे?"

झालं. तेव्हापासून तो धाकटा त्राओरे. कांकानहून येणारी माणसं गाडी थांबवून विचारायची, धाकटे त्राओरे आहेत का घरी? आणि बाकारी दरवेळी चिडून सांगायचा, "माझा कुणी धाकटा-बिकटा नाही."

नान्तेनेनचा नवरा कधीच गेला होता, मुली लग्न होऊन राजधानीला, कोनाक्रीला. दिवसभर ती बोलायची ती या धाकट्याशीच. भावाभावांची भांडणं लावायची, त्याच्या लग्नाच्या गोष्टी करायची, कढईतलं पहिलं भजं त्याला द्यायची. फार जीव होता तिचा त्याच्यावर. त्याच्या पायातली साखळी मात्र सगळं गाव बघून न बघितल्यासारखं करायचं, आणि त्यात तीही होती.

मग कोनाक्रीहून कुणी सांगारे आला. काळा चष्मा, पांढरे बूट, गावोगाव खेळ दाखवणारा माणूस. धाकट्यानं त्याच्यापुढे हात केला आणि सांगारे पाघळलाच. तो निघून गेल्यावर बाकारी नान्तेनेनच्या कढईजवळ येऊन नुसताच उभा राहिला.

"काय झालं? दात दुखतोय?"

"धाकटा देऊन टाकतोय मी त्या सांगारेला," बाकारी म्हणाला. "मोठा झालाय आता. परवा त्या बॅटरीवाल्याचा शर्ट फाडला, उद्या कुणाला चावला तर? आणि सांगारे माझ्या ट्रकसाठी नवं इंजिन देतोय."

"इंजिन," नान्तेनेन म्हणाली. त्या दिवशी तिची भजी करपली, आणि गिऱ्हाइकांनी मुकाट्यानं तशीच खाल्ली.

शुक्रवारी, ऐन बाजारात, सांगारे पिंजऱ्याची गाडी घेऊन आला. बाकारी धाकट्याची साखळी धरून शेजारीच उभा होता. पिंजऱ्यावर पाटी: अर्धा माणूस. आयती गर्दी दिसल्यावर तो गप्प बसेल कसला? कर्णा घेऊन ओरडायलाच लागला. "लोकहो, हे जनावर नव्हे. चालणं बघा, वागणं बघा. हा माणूस आहे, तुमच्याआमच्यासारखा."

नान्तेनेननं पदराला हात पुसले, उठली आणि जाऊन पिंजऱ्याच्या दारात फतकल मारून बसली.

"साहेब, माणूस आहे म्हणता?"

"अगदी शंभर टक्के, आई."

"मग त्याला आडनाव असेल."

"त्राओरे," सगळा बाजार एका सुरात म्हणाला.

"आणि मी कोन्दे. माझ्या गुलामाला मला न विचारता कोण नेतंय, ते बघायला आले."

लोक पोट धरून हसले. सांगारेही हसला. "आई, थट्टा पुरे. उठा आता. जनावर आहे ते."

"आत्ता तर माणूस होता. तुमचा कर्णा अजून गरम असेल, आणि एवढ्यात जनावर झाला?"

सांगारेचं तोंड एवढंसं झालं. नान्तेनेन मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती बाकारीकडे बघत होती, आणि हसत नव्हती. "बाकारी त्राओरे, आपल्या नात्यानं मागते. तुझा भाऊ मला दे."

बाकारीनं सांगारेच्या गाडीवरच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या इंजिनाकडे एकदा बघून घेतलं. नाही म्हणाला असता तर कुणी त्याला मारलं नसतं. पण कुरूसात परत कुणी त्याच्या शेजारी बसून चहाही प्यायला नसता.

"ने बाई," तो म्हणाला.

सांगारे "वेड्यांचं गाव, वेड्यांचं गाव" असं पुटपुटत इंजिन घेऊन निघून गेला. बाकारीनं साखळीचं टोक आणून नान्तेनेनच्या हातात दिलं. "घे. झालीस मालकीण. खराखुरा त्राओरे, साखळीसकट."

आता ही काय बोलते, म्हणून लोकांनी कान टवकारले. तिनंही तोंड उघडलं. गुलाम हा शब्द तिनं उभा जन्म दिवसातून वीसदा उच्चारला असेल. तो उच्चारता यायचा, कारण कुठल्याच कोन्देच्या हातात कधी साखळी नव्हती. आज होती. उन्हानं तापली होती, आणि धाकट्याच्या घोट्यावरचे केस सगळे झडून तिथली कातडी कडक झाली होती. तिनं आठ वर्षं तो घोटा पाहिला होता. नीट बघितला तो आज. धाकट्यानं आपला शहाण्यासारखा तिच्यापुढे उजवा हात केला.

"काढ ही," ती म्हणाली.

"काढली तर इथं ठेवता येणार नाही त्याला."

"नाहीच ठेवायचा. नदीकडच्या रानात ते लोक चिंपांझ्यांची पोरकी पोरं सांभाळतात ना, तिथं नेऊ. आपल्या माणसांत राहू दे त्याला."

"आणि मग तू बोलणार कुणाशी?"

"तू आहेस की मेल्या," म्हणाली, आणि तिथंच, भर बाजारात, पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडली. बाकारी तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि पान्यानं साखळीचा नट काढायला लागला. नट गंजला होता. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. बाकारीच्या ट्रकचं जुनं इंजिन प्रत्येक चढावर खोकत होतं. पुढच्या सीटवर बाकारी, त्याच्याशेजारी धाकटा, खिडकीशी नान्तेनेन. गावाबाहेरच्या नाक्यावर शिपायानं दोरी आडवी धरली आणि आत डोकावला.

"हा कोण?"

नान्तेनेन उत्तर द्यायला वळली, पण बाकारीच आधी बोलला.

"माझा धाकटा भाऊ. घरी सोडायला चाललोय."

शिपायानं दोरी खाली सोडली. या एका वाक्यावर नान्तेनेनला वर्षभर पुरतील एवढे टोमणे सुचायला हवे होते. पण तिला एकही सुचला नाही. गाडी पुढे निघाली, आणि ती धाकट्याचा हात मांडीवर घेऊन बसून राहिली.