मशीन हलतं

"मशीन हलतं," दशरथने तिसऱ्यांदा सांगितलं.

शनिवार पेठेतल्या त्या हत्यारांच्या दुकानाचे मालक हिंमतराव गिऱ्हाइकाचं पहिल्यांदा ऐकत नसत, दुसऱ्यांदा अर्धं ऐकत आणि तिसऱ्यांदा असं काही उत्तर देत की गिऱ्हाईक चौथ्यांदा बोलत नसे. आज मात्र त्यांनी चष्मा वर केला आणि चार्जिंगचं ते ड्रिल हातात घेतलं. बॅटरी काढून दुकानातली दुसरी लावली. पुढच्या चकमध्ये वीतभर लांब बिट आवळलं आणि खटका दाबला. बिट फिरत राहिलं, पण त्याचं टोक हवेत एका जागी खिळल्यासारखं उभं होतं. मग त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यात एक स्क्रू मारला. तो सरळ गेला.

"ठणठणीत आहे, मिस्त्री."

"बेअरिंग गेलं असेल."

"गेलं असतं तर बोंबललं असतं."

"मग चक वाकडा असेल."

"बेअरिंग गेलेलं, चक वाकडा. पत्रिका पण दाखवून आणू का त्याची?"

"अहो, हलतं म्हणतोय ना. माझ्या हातात हलतं."

"माझ्या हातात नाही हलत," हिंमतराव म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं.

दोघंही ड्रिलकडे बघत बसले. काउंटरवर पडलेलं ते ड्रिल अजिबात हलत नव्हतं. हिंमतरावांनी घसा खाकरला.

"चहा घेता?"

त्या दुकानात आजवर कुणाला चहा मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. दशरथ धास्तावला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं तेव्हाही तो इतका धास्तावला नव्हता. डॉक्टरांनी त्याला कागदावर चकली काढायला सांगितली होती. आयुष्यभर सरळ रेघा मारलेल्या माणसाने चकली काढली, ती पार आकसली, म्हणून त्याला गोळ्या दिल्या आणि महिन्याने परत यायला सांगितलं. महिन्याने चकली आणखी बिघडली.

"चहा नको," दशरथ घाईने म्हणाला. चारचौघांत भरलेला ग्लास उचलणं त्याने केव्हाच बंद केलं होतं. मग बोलायला काहीतरी हवं म्हणून त्याने काउंटरवरच्या दुसऱ्या मशीनकडे बोट केलं. "हे काय आहे?"

"इम्पॅक्ट. तुमच्या कामाचं नाही."

दशरथने ते उचललं. आखूड, जाडजूड, नाकाशी बोथट. ठोकळ्यात लांब स्क्रू उभा करून त्याने खटका दाबला. स्क्रू निम्मा आत गेला आणि मशीनने आतून घण घालायला सुरुवात केली. खडखडखडखड. ठोकळा हलला, काउंटर हललं, हिंमतरावांच्या पेल्यातल्या पेन्सिली हलल्या. दशरथचा हात तर मनगटापर्यंत थडथडत होता.

"तुम्ही धरा," तो म्हणाला.

हिंमतरावांनी धरलं. त्यांचाही हात थडथडला.

"म्हणजे यात सगळ्यांचाच हात हलतो."

हिंमतरावांनी मशीन खाली ठेवलं. "मिस्त्री, हे पत्र्याच्या शेडला, लाकडाच्या तुळयांना. ड्रिलला क्लच असतो. आकडा लावून ठेवला की स्क्रू बसल्यावर मशीन आपोआप सुटतं. याला क्लच नाही. कुठं थांबायचं ते तुमच्या बोटाने ठरवायचं. आणि तुम्ही किचनची दारं लावता."

"सवय होईल."

"कुणाला, तुम्हाला का दारांना?"

दशरथने पाकीट काढलं. हिंमतरावांनी बिल केलं. या वेळी त्यांनी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं तोंडाने सांगितलं नाही. ते बिलावर छापलेलं होतंच.

येरवड्याच्या घरी नंदाने चहा दिला. अलीकडे ती कप अर्धाच भरायची आणि दोनदा द्यायची. का ते त्याने विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली की बरीचशी बोलणी अशीच उरकतात.

"नवीन मशीन?" तिने विचारलं.

"जुनं हलत होतं."

"बरं," नंदा म्हणाली आणि कपाचा दुसरा अर्धा आणायला आत गेली.

दशरथने बसवलेलं दार लोंबत नाही, अशी त्याची ख्याती होती. वस्तीतल्या विहाराचं पुस्तकांचं कपाट त्याने तरुणपणी केलं होतं. त्याची दारं अजून बोटाने ढकलली की आपणहून मिटत. आता तो दिग्विजय नावाच्या तरुण मालकाकडे किचन बसवायचं काम करायचा. कारखान्यातून कपाटांचे तुकडे कापून यायचे, ते लोकांच्या घरी जाऊन जोडायचे, भिंतीला टांगायचे आणि त्यांना शटर, म्हणजे दारं, लावायची. जोडीला विक्रम असायचा. वाघोलीकडचा, चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्याला हे काम दशरथनेच शिकवलं होतं, म्हणजे बहुतेक वेळा ओरडून.

खराडीच्या दहाव्या मजल्यावर इम्पॅक्ट पहिल्यांदा बोललं, तेव्हा विक्रमने कानावर हात ठेवले.

"मिस्त्री, किचन लावतोय का पूल बांधतोय?"

"वेळ वाचतो."

"आवाज लई हाय ओ."

"असू दे. आवाज असलेला बरा."

कपाटांचे सांगाडे जोडताना खरोखरच बरं चाललं. लांब स्क्रू चुंबकाने बिटाला चिकटायचा, दशरथ टेकवायच्या आधीच खटका दाबायचा, आणि मग त्या खडखडाटात कुणाचा हात किती हलतोय हे कुणाला दिसणार? घराच्या मालकीणबाई रूपाली लॅपटॉपवर मीटिंग करता करता डोकावून गेल्या आणि "वॉव काका, काय स्पीड आहे!" म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी दशरथला जेवताना भूक लागली.

मग बिजागऱ्या आल्या.

बिजागरीचे स्क्रू नखाएवढे असतात आणि ते पार्टिकल बोर्डात जातात. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा, गोंद आणि गिऱ्हाइकाचा विश्वास यांचं दाबून केलेलं मिश्रण. ओट्यावरच्या कपाटाच्या वरच्या बिजागरीला दशरथने इम्पॅक्ट लावलं. स्क्रू बसला, पण थांबायला हवं त्याच्या किंचित नंतर बोट सुटलं. तेवढ्यात एक घण पडला आणि स्क्रू भोकात गरागरा फिरायला लागला. दुसऱ्याचंही तेच झालं.

अशा भोकावर खरा इलाज एकच असतो. ते मोठं करून त्यात लाकडी खुंटी ठोकायची आणि तिच्या नेमक्या मध्यावर सुईसारखं बारीक भोक पाडायचं. ते काम आवाज न करता, हळूहळू, स्थिर हाताने करावं लागतं. मागे विक्रम स्टुलावर बसून हँडल मोजत होता.

"विक्रम, गाडीतून सिलिकॉनची नळी आण," दशरथ म्हणाला.

विक्रम लिफ्टकडे गेला. दशरथने खिशातली काडेपेटी काढली, काड्यांची गुलं मोडली, त्या गोंदात बुडवल्या आणि भोकात कोंबल्या. वरून स्क्रू पिळला. तो घट्ट बसला. काड्यांवर स्क्रू नेहमीच घट्ट बसतो, दाराची रोजची उघडझाप सुरू होईपर्यंत. हेच केलं म्हणून दशरथने एकदा विक्रमला भर साइटवरून घरी हाकललं होतं.

आठवड्याभराने संध्याकाळी दिग्विजयचा फोन आला तेव्हा दशरथ घराच्या दारात चपला काढत होता.

"काका, खराडीचं वरचं शटर निखळलं. होलमध्ये चक्क काड्या! विक्रमला विचारलं, तर सरळ हो म्हणाला. म्हटलं, उद्यापासून येऊ नको. तुम्ही उद्या दहाला या, मी पण येतोय. क्लायंट जाम अपसेट आहे."

"कुणाला लागलं का?"

"कोपरा उडालाय ओ लॅमिनेटचा, अख्खं शटर नवीन द्यावं लागणार, सकाळी फॅक्टरीतून घेऊन येतो. आणि हो, त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या हाताला पण लागलंय. मनगट मोडलं बहुतेक."

दशरथ दारातच बसला. मग त्याने विक्रमला फोन लावला. फोन धरायला दोन्ही हात लागले.

"तू हो का म्हणालास?"

"मग काय म्हणायचं होतं?" पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "सिलिकॉन घिऊन आलो तवा काड्यांची गुलं दिसली मला ओट्यावर. मीच पुसली. मला कळत न्हाई व्हय मिस्त्री, दोन महिनं झालं बघतोय."

"म्हणून तू..."

"मला दुसरीकडं काम मिळंल. तुम्हाला कोण देणार?"

हे विक्रम साध्या आवाजात बोलला. हवामान सांगावं तसं.

"उद्या दहाला ये."

"मला बंद केलंय त्यांनी."

"मी बोलावतोय," दशरथ म्हणाला आणि फोन ठेवला.

नंदा बघत उभी होती. त्याने कॉटखालून जुनं ड्रिल ओढून काढलं.

"हे हलत होतं ना?" ती म्हणाली.

"हलतं."

नंदाने ते त्याच्या हातून घेतलं, बॅटरी काढली आणि चार्जिंगला लावली.

खराडीच्या त्या किचनमध्ये सकाळी पाच माणसं होती आणि त्यांपैकी चौघांना वाटत होतं की आपण तिथं नसतो तर बरं झालं असतं. पाचव्या रूपाली होत्या. "काका, या वेळी प्लीज नीट करा हं," त्या म्हणाल्या. "शनिवारी गेस्ट आहेत."

स्वयंपाकाच्या कांताबाई खाली बसून एका हाताने कोथिंबीर निवडत होत्या. दुसरा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. दुखत असताना का आल्या, हे कुणी विचारलं नाही. सुट्टी घेतली की बदली बाई येते, आणि बदली बाई बहुधा राहते.

"माझंच चुकलं, भाऊ," त्या दशरथला म्हणाल्या. "ताई म्हणतात, मी दारं जोरात उघडते. असंल बी. घाईत असते मी."

"तुमचं काही चुकलं नाही, ताई. काड्या मी घातल्या."

दिग्विजयने मोबाइलमधून मान वर केली. "काका, नका ना. त्याला कव्हर कशाला करताय? तुम्ही, आणि काड्या? इम्पॉसिबल."

"मीच घातल्या."

"विक्रम, बघ. बघ जरा. तुझ्यासाठी हा माणूस स्वतःचं नाव खराब करून घेतोय."

विक्रमने मान खाली घातली. चांगलं नाव मिळवायला आयुष्य जातं हे दशरथला ठाऊक होतं. ते घालवायलाही इतकी खटपट पडेल याची त्याला कल्पना नव्हती.

त्याने पिशवीतून जुनं ड्रिल काढलं. कपाटाच्या आतल्या बाजूला बिजागरीची नवी पट्टी लावून त्यात एक स्क्रू उभा केला, तोही दोनदा खाली पडून तिसऱ्यांदा उभा राहिला. मग तो स्टुलावर चढला आणि खटक्याला हात न लावता बिटाचं टोक स्क्रूच्या डोक्याकडे नेलं.

किचन शांत होतं. टोक स्क्रूच्या डाव्या बाजूला लागलं. मग उजव्या. मग वर, पट्टीवर. टक. टक टक. टक. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर आता दोन्ही हात हलायला लागले. टोक घसरलं आणि कपाटाच्या आतल्या नव्या पांढऱ्या लॅमिनेटवर एक बारीक करडी रेघ उठली. ती सरळ नव्हती. तो थांबला नाही. सगळ्यांना नीट दिसेपर्यंत त्याने ते चालू ठेवलं.

कांताबाईंनी कोथिंबीर खाली ठेवली. "भाऊ, पुरे," त्या म्हणाल्या.

"ओह," रूपाली म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "स्क्रॅच जाईल ना तो?"

दिग्विजय वाईट माणूस नव्हता. तो दशरथजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आधी सांगायचं ना. तुम्ही आता हे टेन्शन घेऊ नका. फॅक्टरीत बसून सुपरव्हिजन वगैरे काहीतरी... बघू आपण."

पुण्यात 'बघू' कशाला म्हणतात ते दशरथला माहीत होतं.

"विक्रमचं काय?" त्याने विचारलं.

"येऊ दे की उद्यापासून."

"आजपासून. आज शटर लावायचंय."

"ओके, आजपासून," दिग्विजय म्हणाला आणि फोन कानाला लावून बाल्कनीत गेला.

दशरथने ड्रिल विक्रमकडे दिलं. विक्रमने ते घेतलं नाही.

"घे," दशरथ म्हणाला. "मी धरतो. तू मार."

विक्रमने सैल भोकांतल्या काड्या कोरून काढल्या, खुंट्या ठोकल्या, मध्यावर खूण करून बारीक भोकं पाडली. दशरथ बाजूला उभा राहून बघत होता. ओरडण्यासारखं काही नव्हतं. मग दोघांनी मिळून नवं शटर उचललं आणि दशरथने ते स्टुलावर उभं राहून बाहेरून पेललं.

दार पेलायला ताकद लागते, स्थिर हात लागत नाही, असं त्याला वाटत होतं. पण शटर हातात आलं आणि त्याची कड कपाटावर वाजायला लागली. बारीक, थंडीत दाढा वाजाव्यात तशी. विक्रम मशीन धरून थांबला. दशरथने शटरला खांदा लावला. वाजणं कमी झालं, पण बंद झालं नाही. बिजागरी पट्टीसमोर येई आणि निसटे.

"मी खुर्ची आणतो, मिस्त्री," विक्रम हळू आवाजात म्हणाला. "खुर्चीवर टेकवू."

"थांब."

दशरथ पुढे वाकला आणि त्याने शटरवर कपाळ टेकवलं. मग अंगाचा सगळा भार कपाळावर घेतला. शटर थांबलं.

"मार," तो म्हणाला.

विक्रमने क्लचचा आकडा खाली आणला आणि खटका अलगद दाबला. पहिला स्क्रू सावकाश आत गेला. मशीन कटकटलं आणि सुटलं.

दशरथने डोळे मिटले होते. कपाळ तसंच होतं. अजून तीन स्क्रू राहिले होते.