विंडोज नाइंटी-एट असल्याशिवाय न चालणारा प्रोग्राम

खंडेनवमीला आमच्या सोनईत ट्रॅक्टरपासून विळ्यापर्यंत सगळ्या अवजारांची पूजा होते. मीही माझ्या भरतकामाच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि त्याला नक्षी पाठवणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरलाही.

"वहिनी, सणासुदीचं त्याला कायतरी नवं नको का?" धाकटे दीर अजिनाथ म्हणाले. मी तान्ह्या दिशाला पाजून निजवायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटरमधल्या जुन्या विंडोज नाइंटी-एटवर नवं विंडोज एक्सपी चढवलं. हौसेनंच. मला विचारलं मात्र नाही.

दसऱ्याला नक्षीचा प्रोग्राम उघडला, तर पाटी आली: विंडोज नाइंटी-एट सापडत नाही. आणि प्रोग्राम बंद.

"नवा लॅपटॉप घ्या की," दीर म्हणाले.

"मशीनची जाडी वायर लावायला त्याला जागा असते का?"

"न्हाई. मंग मशीन भंगारात. तिथं माझं मोबाईलचं काउंटर बसंल."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "बरंच झालं. पोरगी अंगावर पिती. देवानंच बंद केलं म्हणायचं."

देवानं? तुमच्या लेकानं! पण खांद्यावर दिशा झोपली होती, म्हणून आवाज गिळला.

राग प्रोग्रामचाही आला. वायर लागलीये का, मशीन उत्तर देतंय का, काही बघितलं नाही त्यानं. दारातूनच माघारी! माझ्या मैत्रिणीच्या, सविताच्या नणंदेचे लग्नाचे ब्लाउज माझ्याकडे यायचे होते. मशीन बंद राहिलं तर ब्लाउज नगरच्या दुकानात जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

दिशाला थोपटत मोबाईलवर शोधत बसले. त्या काळचे बरेच प्रोग्राम सुरू होताना आधी विंडोजचा नंबर विचारतात म्हणे. ओळखीचा नंबर आला नाही की निघाले. चालता येत नाही असं नसतंच. चालून बघतच नाहीत! आणि एक्सपीमध्येच सोय आहे: प्रोग्रामवर माउसचं उजवं बटण दाबायचं, आतल्या यादीतून नाइंटी-एट निवडायचं. मग प्रोग्रामनं विचारलं की एक्सपी आपणहून सांगतं, मी नाइंटी-एट.

तेवढं केलं. प्रोग्राम उघडला. सुई खडखडत कमळाची पहिली पाकळी भरू लागली.

"म्हंजे खोटं सांगून चालवलं व्हय?" दीर हसले.

"काम येतं का ते न बघता दार लावतो, त्याला काय खरं सांगायचं?"

"आन् माझं काउंटर? काच सांगून आलोय मी."

"ओट्यावर लावा, भाऊजी. गिऱ्हाईकाला रस्त्यावरून दिसेल."

"आगं, पन पोरीचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

मी दिशाला त्यांच्या मांडीवर दिलं. मूठ गालाखाली घेऊन ती तशीच झोपून राहिली. इतकी गोड, की माझाच पाय निघेना.

"मी व्हय म्हनले न्हाई हां," सासूबाई पुटपुटल्या. पण पदर तिच्यावर आधीच ओढला होता.

मी सविताला फोन लावला. "ब्लाउज घेऊन ये. आजच."