दोन भाकरींमधली कळ

झुंबरबाईंनी अख्ख्या सोनाळ्यासमोर जाहीर केलं होतं, की आता सुनेला घेऊन त्या तिसऱ्यांदा काही दवाखान्यात जायच्या नाहीत. पाणी सुटल्याशिवाय तर नाहीच नाही. आणि झुंबरबाई बोलल्या म्हणजे बोलल्या! त्यांच्या तोंडाचा गावाला धाकच तसा.

आता खरं सांगायचं तर घोळ बाईंनीच घातला होता. राखीचं पोट जरा आवळून आलं, तिनं नुसता हुंकार भरला, की यांनी गॅसवरचं दूध तसंच टाकून फहीमच्या ऑटोला हाक मारायची. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा दवाखान्यातल्या सिस्टरनं पोटावर हात ठेवून पाहिलं, तासभर बसवून घेतलं आणि परत पाठवलं. "आजी, या खोट्या कळा आहेत. येतात आणि विरून जातात. खऱ्या कळा ठरल्या वेळानं येतात, आणि मधला वेळ कमी कमी होत जातो. तशा आल्या की या." दुसऱ्या खेपेला ऑटो गावात शिरला तेव्हा पारावरून उकंडराव ओरडला होता, "काय झुंबरबाई, बारसं उरकूनच आल्या का?" सगळा पार खो खो हसला. बाईंना ते असं झोंबलं, की त्यांनी तिथंच ती प्रतिज्ञा ठोकून दिली. मागे बसलेल्या राखीनं ती ऐकली.

बाई इतक्या घाबरतात का, ते मात्र कोणी विचारलं नव्हतं. बेचाळीस वर्षांमागं त्यांची पहिली पोरगी गेली. कळा सुरू झाल्या तेव्हा सासू म्हणाली, "पयलटकरणीले वेळ लागते, दम धर." दम धरता धरता दिवस मावळला, आणि गाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढं फार वर्षांनी दीपक झाला, तो एकुलता. ते जुनं दुखणं बाईंनी कधी ओठांवर आणलं नाही. पण राखीला आई नाही, तिचं पहिलं बाळंतपण माहेरी करायला कोणी नाही, म्हटल्यावर बाईंनी मनाशी गाठ मारली होती. या पोरीला उशीर होऊ द्यायचा नाही.

त्या दिवशी सकाळीच दीपक कामाला खामगावला गेला. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आत राखी ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. बसून राह्य म्हटलं तर ऐकेल ती राखी कसली! परातीतून थप थप थप आवाज येत होता.

मग आवाज थांबला. बाईंना वाटलं, तव्यावर टाकली असेल. पुन्हा सुरू झाला. एक भाकरी झाली, दुसरी झाली, आणि पुन्हा अर्ध्यातच हात थांबला. झोपेत थापली तरी राखीची भाकरी अशी मधेच अडायची नाही. बाईंनी शेंगा खाली ठेवल्या आणि कान दिला. पुढच्या खेपेला एकच भाकरी झाली आणि थांबला. पुन्हा एक, पुन्हा थांबला. मग तर एकही पुरती होईना.

बाई धडपडत आत गेल्या. राखीनं ओट्याची कड घट्ट धरली होती. ओठ दाबलेले, कपाळावर घाम, तव्यावरची भाकरी जळून कोळसा.

"कव्हापासून व?"

"पहाटपासून."

"आन सांगतलं काऊन नाई?"

राखीच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोकं तुमाले हसतात, आई. मले नाई पाहावत. म्हटलं, पाणी सुटू द्यावं."

ज्या सासूला बेचाळीस वर्षं मनात शिव्या दिल्या, तिचं 'दम धर' आज आपणच या लेकराला ऐकवलं की! पारावरच्या चार टवाळांपायी! बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? त्यांनी गॅस बंद केला, फहीमला फोन लावला आणि राखीला धरून बाहेर आणलं.

ऑटो पारावरून निघाला तसा उकंडराव उठलाच. "तिसरी खेप काय, झुंबरबाई?"

"हाव, तिसरी!" बाई ऑटोतून अर्ध्या बाहेर वाकल्या. "चौथी बी करीन, पाचवी बी करीन! तुले हसाचं तं हास, मेल्या! फहीम, हाण रे!"

"चाची, गड्डे हैं, आहिस्ता लेतो," फहीम म्हणाला. वाटेत राखी "माय वं, माय वं" करत होती आणि दर वेळी बाई म्हणत होत्या, "हाये ना, इथंच हाये मी." त्यांच्या मनगटावर तिची नखं रुतली होती.

सिस्टरनं दोघींना पाहून कपाळावर हात मारला. "आजी, परत? किती वेळानं येतात कळा?"

"आधी दोन भाकरीनं येत होत्या. मंग एका भाकरीनं. आता अर्धी बी थापू देत नाई."

सिस्टरचं हसू ओठांवरच राहिलं. "आत घ्या हिला, लवकर!"

पाऊण तासानं मुलगी झाली. राखीजवळ बाळ ठेवून सिस्टर म्हणाली, "अगदी वेळेवर आणलं, आजी." बाई पलंगाच्या कडेला मटकन बसल्या.

"आई," राखी थकलेल्या आवाजात म्हणाली, "दीपकच्या बाबतीत पाहा ना, यायले बहीण नाई, म्हंजे इले आत्या नाई. बारशाले इचं नाव कोण ठेवन?"

"होती," बाई म्हणाल्या. आणि मग, आजवर कुणाला न सांगितलेलं सगळं त्यांनी सुनेला सांगितलं.

राखीनं त्यांचा हात धरला. "काय नाव होतं तिचं?"

"रडलीच नाई ती. न रडलेल्या लेकराले नाव कोण ठेवते?" बाईंनी पदरानं नाक पुसलं. "मनातल्या मनात मीनं ठेवलं होतं."

"मंग ते इले द्या."

बाई वाकल्या. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सुचिता."

बाळानं असं भोकाड पसरलं, की वॉर्डातल्या साऱ्या बाया वळून पाहू लागल्या. राखी त्याला उगी करायला हात पुढं करू लागली, तर बाईंनी तो हात अडवला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"राहू दे व," त्या म्हणाल्या. "रडू दे तिले. चांगलं मोठ्यानं रडू दे."