प्लॅटिनमचे वेढे

त्या मंगळवारी बाबांनी सकाळपासून तिघांचा उद्धार केला होता: पंपाची मोटर जाळून आणणाऱ्या गिऱ्हाइकाचा, ती मोटर आधी भरणाऱ्या कुणा अनोळखी कारागिराचा आणि स्वतःच्या डॉक्टरांचा. तिघांपैकी हजर कुणीच नव्हतं, त्यामुळे ऐकून घेण्याचं काम माझ्याकडे होतं.

बाबा मोटर रिवाइंडिंग करायचे. जळकी तार ओढून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे. छत्तीस वर्षं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर जेव्हा म्हणाले, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, त्यात कॉइल भरू, तेव्हा बाबांचा चेहरा धंद्यातलं माणूस भेटल्यासारखा उजळला.

"किती गेजची तार?"

"केसाएवढी बारीक. प्लॅटिनमची."

"तांब्याची चालली असती की."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर चित्र काढलं. जांघेतून बारीक नळी थेट डोक्यापर्यंत न्यायची, फुग्यात तारेची वेटोळी भरायची आणि फुग्याच्या तोंडावरून दाट विणीची जाळीदार नळी बसवायची, म्हणजे रक्त आत न वळता सरळ पुढे जाईल. नुसत्या जाळीने फुगा बंद व्हायला महिने लागतात, तोवर तार राखण करते. "आणि जाळीवर रक्त गोठू नये म्हणून दोन गोळ्या. मी सांगेपर्यंत एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी बाबांनी खाटेवरूनच आत्याला फोन लावला. "वाइंडिंग झालं. आता वार्निश मारून उन्हात ठेवतील."

तर त्या मंगळवारी तारेने त्यांचं बोट कापलं. त्यांनी चिंधी गुंडाळली आणि दोन मिनिटांत सोडून बोट मला दाखवलं.

"बघ. थांबलं."

गोळ्या सुरू झाल्यापासून जरा कुठे खरचटलं तरी अर्धा अर्धा तास रक्त वाहायचं. कागदावर डाग पडायचे, भरलेली खाच पुन्हा उपसावी लागायची.

"कसं काय थांबलं?"

"सोडल्या गोळ्या. आठ दिवस झाले." मग माझा चेहरा बघून, "अगं, नवी भरलेली मोटर आधी बिनलोडची, पंप न जोडता, फिरवून बघायची असते. आवाज नाही, तापत नाही. डॉक्टर बेट्याचं काम चोख आहे."

मी वाचणारी बाई. त्या जाळीबद्दल मिळेल ते मी वाचून काढलं होतं. गोळ्या मध्येच सोडल्या तर काय होतं, तेही.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"मोटर घरी नेल्यावर गिऱ्हाईक मला विचारतं का, पंप कधी बंद करू म्हणून?"

बाबांचं टायमिंग चांगलं होतं. मला हसू आलं. मी आत चहा टाकायला गेले.

बुधवारी सकाळी त्यांच्या हातातून पक्कड पडली, मग बोलणं अडखळलं, मग ते पडले.

"जाळीत रक्त गोठलंय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या रोज घेत होते ना?"

बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. अशा माणसाला आता कुणी रागावू नये, एवढंच माझ्या मनात आलं.

"रोज," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी ते गेले. औषधं नियमित असूनही, असं कागदावर लिहून आलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी आत्या दुकानात आली आणि बाबांच्या स्टुलावर बसली. ती बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त झाली तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो. तिने मांडीवर फाइल आपटली. तिच्याही डोक्यात फुगा निघाला होता. डॉक्टर तेच, इलाज तोच.

"मी नाही करून घेणार."

"आत्या, तो फुटला तर..."

"फुटू दे. एकदाच काय तो आवाज होईल. दादा एकही गोळी न चुकवता गेला. म्हणजे मालच खराब. त्याच्यासारखा माणूस, सांगितलेलं काम कधी अर्धवट सोडलंय त्याने? आणि मी तर चष्मासुद्धा घरी विसरून आलेय. माझ्या हातून काय धड होणार? लाव त्या डॉक्टरला फोन. नको म्हणून सांगते."

मी नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. आत्याने फोनसाठी हात पुढे केला. मला रागावणारं आता या जगात एवढंच माणूस उरलं होतं.

मी फोन बंद केला.

"काय गं?"

"माल खराब नव्हता, आत्या. बाबांनी गोळ्या सोडल्या होत्या. मला आदल्या दिवशी कळलं होतं, आणि मी हसले."