माठातलं पाणी

माठाच्या बुडाशी थेंब तयार व्हायला बराच वेळ लागतो. आधी तिथली माती गडद होते, मग तिच्यावर ओलसर चकाकी येते, ती फुगून लोंबते आणि तिवईखालच्या वाळूत पडते तेव्हा आवाजसुद्धा होत नाही. शिक्षिकांच्या खोलीतला हा माठ मुख्याध्यापिका दबोरा रणपिसे यांना आपल्या खुर्चीतून, उघड्या दारातून नीट दिसे. पाणी गार का होते हे त्या सातवीच्या मुलींना दरवर्षी याच माठाकडे बोट दाखवून शिकवत. त्यातले पाणी त्यांनी कधी प्यायले नव्हते.

"चुकी झाली पोरीची, बाई," समोर उभी असलेली दगडाबाई म्हणाली.

तिची मुलगी हौसा कोपऱ्यातल्या बाकावर आडवी पडली होती. सकाळी कवायतीत ती चक्कर येऊन कोसळली, तेव्हा दबोराबाईंनी निरोप पाठवून आईला बोलावून घेतले होते. दगडाबाईचा नवरा दौंडच्या इंजिनशेडमध्ये कोळसा ओढायला होता. त्याला भाकरी देऊन ती तिथूनच आली असावी. पदराला काळे लागले होते.

"बसा ना."

"न्हाई, हितंच बरी हाय."

"चूक कसली? ऊन किती आहे बाहेर. पाणी प्यायली नव्हती का ती?"

"बाटली दिलती की. औशिदाची हाय, बूच लावून. पर ती कवाच संपली म्हनं."

"मग व्हरांड्यात माठ आहे. सगुणाबाई देतात की पाणी."

दगडाबाईने लेकीकडे पाहिले, मग जमिनीकडे. "देत्यात. बाकीच्या पोरींना प्याला देत्यात. हिला ओंजळ करायला लावून वरनं ओगराळ्यानं ओतत्यात. पयल्या दिशी रडतच आली घरी. म्हनली, आये, आपुन तर आता बुद्ध झालो ना, मंग?"

दबोराबाईंची नजर दाराबाहेर गेली. व्हरांड्यातले ते लांब दांड्याचे ओगराळे त्या रोज पाहत होत्या.

"मंग म्याच समजावली तिला," दगडाबाईचा आवाज जरा खुलला. "म्हनलं, येडे, रडती कशापायी? तुजी मोठी बाई बघ. येवढी शिकलेली, समद्या साळंची मालकीन, पर घरनं तांब्या आनती. माठाला बोट लावत न्हाई. तिला काय कळत न्हाई व्हय? तू बी तसंच कर. तवापासून बाटली आनती बगा. तुमचंच बघून केलं, बाई."

त्यात टोमणा नव्हता. कौतुकच होते.

खिडकीत पितळी तांब्या होता, त्यावर फुलपात्र पालथे घातलेले. त्याच्यावर ऊन आले होते. दबोराबाईंना कानांच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या.

तो तांब्या आणायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. मुख्याध्यापिका होऊन आल्या त्या पहिल्याच दिवशी, कोणी विचारण्याआधी, त्यांनी आपणहून म्हटले होते, "मला उकळलेलंच पाणी लागतं." शिक्षिकांतल्या देवधर बाई लगेच म्हणाल्या होत्या, "बरं करता हो. दौंडचं पाणी बाधतंच." आणि साऱ्या खोलीला हायसे वाटलेले दबोराबाईंना दिसले होते. त्यांनाही वाटले होते. सगळे आदराने वागत. फक्त 'मोठ्या बाई' म्हणताना अजून आधीच्या, निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकेविषयी बोलत, आणि यांना रणपिसे बाई म्हणत.

शिरूरला मिशनच्या बोर्डिंगात सगळ्या मुली एकाच माठातले पाणी पीत. त्यांच्या आज्याने धर्म बदलला तो या जाचापायीच. आणि नातीला भीती होती ती एवढीच: आपण माठातले पाणी प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी तिवईवर नवा माठ दिसला तर? कोणी काही बोलणार नाही. नुसता नवा माठ असेल. हा प्रयोग त्यांनी कधी केलाच नव्हता.

बाकावर हौसाने डोळे उघडले. "आये, पानी," ती म्हणाली.

दगडाबाईचा हात सवयीने बाटलीकडे गेला. बाटली रिकामी होती.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. दबोराबाई उठल्या. "माझ्याबरोबर या," त्या दगडाबाईला म्हणाल्या आणि शिक्षिकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. दगडाबाई वहाणा काढून मागे थांबली.

डबे उघडत होते. देवधर बाईंनी मान वर केली. "अगंबाई, रणपिसे बाई इकडे? इन्स्पेक्टर आले की काय?"

दोघीतिघी हसल्या. दबोराबाईही हसायला गेल्या, पण जमले नाही. 'यापुढे शाळेत असे ठरविण्यात येत आहे की' अशी सुरुवात असलेली वाक्ये त्यांनी मनात कितीदा जुळवली होती. आता त्यातले एकही आठवेना.

"सगुणाबाई, मला पाणी द्या."

व्हरांड्यातून नुकतीच आत आलेली सगुणाबाई ओगराळे पुसत होती. "तांब्या संपला का, बाई? आणते हां भरून."

"तांब्या नको."

"अहो, पण तुम्हाला उकळलेलं—" देवधर बाई म्हणाल्या.

"मी कधीच उकळत नव्हते."

एका डब्याचे झाकण खाली पडले आणि फिरत राहिले. सगुणाबाईने माठाकडे पाहिले, देवधर बाईंकडे पाहिले, मग पुन्हा माठाकडे.

"म्हंजी… ह्या माठातलं?"

या शाळेत आल्यापासून दबोराबाईंनी शिरूरच्या बोलीतला एक शब्दही तोंडातून निसटू दिला नव्हता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ह्याच माठातलं. आधी मला द्या, मंग त्याच प्याल्यात हौसाला. आन् ते ओगराळं आजपासून बंद."